रोबोटच्या पोटातलं मूल



आजचा विषय जरा आडवळणाचा आहे, पण पाठशाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या तिघी-चौघींनी एकच प्रश्न विचारला म्हणून घेतला. मुलं ज्याला ‘ॲनिमे’ म्हणतात त्या जपानी चित्रमालिका, त्यातही अवाढव्य रोबोटच्या मारामाऱ्यांच्या, घरात चालू द्याव्यात का? पुण्यात हा प्रश्न टाळता येत नाही. रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत जपानी शिकणारी मुलं आहेत, सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला तर आपण सरळ ‘ओकायामा गार्डन’च म्हणतो. नोकरीच्या आशेने भाषा शिकायला गेलेलं मूल महिनाभरात ‘कानाला सवय व्हावी म्हणून’ मालिका लावून बसतं. माझ्या लेकीचंही तसंच झालं. तिच्याबरोबर मी ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’चे सगळे २६ भाग पाहिले. माझं मत आधीच सांगून टाकते: ही मालिका आपल्या घरात बघण्यासारखी आहे, आणि तिच्यात एक खोट अशी आहे की तिच्याकडे डोळेझाक करायला मी तयार नाही.

ज्या गोष्टींत माणूस यंत्राच्या आत बसून ते चालवतो, त्यांना ‘मेका’ म्हणतात. १९७२च्या ‘माझिंगर झेड’मध्ये आजोबा नातवासाठी रोबोट ठेवून जातात आणि नातू दुष्टांना ठोकून काढतो. १९७९च्या ‘गंडम’ने त्यात युद्धाची किंमत आणली. ‘इव्हँगेलियन’ टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात लागली. ती आधी गाजलेल्या एखाद्या चित्रकथेवरून घेतलेली नव्हती, गायनॅक्स स्टुडिओच्या हिदेआकी आन्नो यांनी थेट पडद्यासाठीच रचली. त्याआधी चार वर्षं आपण पार खचलो होतो, हे आन्नोंनी स्वतःच लिहिलं आहे. भारतात ती २०१९ साली नेटफ्लिक्सवर आली.

गोष्ट अशी. २००० साली दक्षिण ध्रुवावर मोठा उत्पात होऊन जगातली निम्मी माणसं गेली आहेत. पंधरा वर्षांनी ‘देवदूत’ नावाचे महाकाय जीव तोक्यो-३ या शहरावर चालून येतात. त्यांच्याशी लढायला ‘इव्हा’ नावाची यंत्रं आहेत आणि ती चौदा वर्षांची मुलंच चालवू शकतात. शिंजीची आई तो लहान असतानाच गेली, वडिलांनी त्याला दुसऱ्यांकडे टाकलं. एके दिवशी वडिलांचं बोलावणं येतं. भेटल्यावर ना चौकशी, ना पाठीवर हात. यंत्रात बस, एवढंच. तो नाही म्हणतो, तेव्हा बँडेजमध्ये गुंडाळलेली रेई नावाची मुलगी स्ट्रेचरवरून त्याच्यासमोर आणली जाते. तू नाही, तर ही जाईल. मुलगा मुकाट बसतो.

हे बघताना मला रोबोट दिसेनासा झाला. ‘तू नाही म्हणालास तर आजीला काय वाटेल’, ‘तू नाही केलंस तर बाबांना करावं लागेल’ ही वाक्यं कोणत्या घरात नाहीत? मुलाचा होकार असा काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, त्याने स्वतःहून केलं.

यंत्राची रचनाही बायकांच्या चटकन लक्षात येईल अशी आहे. मूल ज्या कुपीत बसतं ती द्रवाने भरलेली असते आणि ते त्या द्रवातच श्वास घेतं. इव्हाला वीज पुरवणाऱ्या जाड तारेला मालिकेत नाळच म्हटलं आहे. नाळ तुटली की आतल्या बॅटरीवर फार तर पाच मिनिटं. (आमच्या सोसायटीच्या लिफ्टपेक्षा बरं.) पुढे कळतं की शिंजीच्या इव्हामध्ये त्याच्या आईचाच आत्मा आहे. मुलगा आईच्या पोटात परत बसून लढतो आहे, आणि त्याला ते ठाऊकही नाही. हे मुलांना समजायला वेळ लागतो. माझ्या लेकीला मी सांगितल्यावर ती दोन दिवस गप्प होती.

मालिकेची खरी ताकद अठराव्या भागात आहे. अमेरिकेतून आणलेलं तिसऱ्या क्रमांकाचं इव्हा शत्रूच्या ताब्यात जातं आणि शहराकडे चालत येतं. त्याच्या आत एक मूल अडकलेलं आहे, एवढं शिंजीला समजतं. ते मूल म्हणजे त्याच्याच वर्गातला तोजी, हे त्याला माहीत नाही. तोजी का तयार झाला? त्याची लहान बहीण आधीच्या एका लढाईत जखमी झाली होती आणि तिला चांगल्या इस्पितळात हलवावं, एवढीच त्याची अट होती. शिंजी हात उचलायला नकार देतो. समोरचं यंत्र त्याचा गळा आवळत असताना तो म्हणतो की दुसऱ्याला मारण्यापेक्षा मी मरेन. तेव्हा वडील, गेंडो, खुर्चीवरून न उठता हुकूम देतात: मुलाचा ताबा तोडा, यंत्र आपोआप चालू द्या. आणि शिंजी आत बसलेला असताना, त्याच्या डोळ्यांसमोर, तेच हात समोरच्या यंत्राच्या चिंधड्या करतात आणि शेवटी मूल बसलेली कुपी चिरडतात. तोजी वाचतो, पण पाय जातो.

आपण जपमाळेच्या १०८ मण्यांचा हिशोब लहानपणी पाठ केलेला असतो. संरंभ, समारंभ, आरंभ, मन, वचन, काया, कृत, कारित, अनुमोदना, चार कषाय. तीन त्रिक सत्तावीस, चोक एकशे आठ. पाठ असतं म्हणून त्यावर विचार होतोच असं नाही. ‘कारित’ म्हणजे काय, हे त्या वीस-बावीस मिनिटांत जितकं लख्ख दिसलं तितकं क्वचितच दिसलं असेल. हात शिंजीच्या इव्हाचे, पाप खुर्चीतल्या माणसाचं. आणि तरी किंकाळी शिंजीची आहे, गेंडोची नाही. ज्याने केलं नाही तो जन्मभर ओझं वाहणार आणि ज्याने करवलं तो पुढच्या कामाला लागणार. हे दाखवताना मालिका भाषण देत नाही. आपले काही वक्ते इथे चाळीस मिनिटं घेतात.

हिंसेचा आनंदही ती फारसा घेऊ देत नाही. लढाई संपली की शिंजी परक्या छताकडे बघत इस्पितळात पडलेला असतो. मुलांच्या इतर मालिकांत जिंकल्यावर गाणं लागतं.

आता खोट. शिंजी ज्या गोष्टीविरुद्ध जिवाच्या आकांताने उभा राहतो, तीच गोष्ट मालिका रेई आणि आसुका या मुलींच्या बाबतीत स्वतः करते. दोघीही चौदाच्या. त्यांचे अंगाला चिकटलेले पोशाख, कपडे बदलतानाची दृश्यं, कॅमेरा नको तिथे रेंगाळणं, यातलं बरंचसं कथेला लागत नाही. ते बघणाऱ्याला खूश करायला घातलं आहे, आणि पुढच्या भागाच्या जाहिरातीत मिसातो ही अधिकारी बाई तसली चंगळ मिळेल असं हसत हसत कबूलही करते. ‘तिकडे तसंच असतं’ हे उत्तर लेकीने दिलं. मला ते पटत नाही. मोठ्यांनी मुलांचा वापर करू नये, असं सांगणारी मालिका त्याच मुलांच्या शरीराचा वापर करून प्रेक्षक बांधून ठेवते. कारितचं पाप ज्यांना इतकं कळलं, त्यांना अनुमोदनेचं कळलंच नाही. प्रेक्षकाला नुसतं बघायला लावणं हाही व्यवहारच आहे.

आयांबद्दलही माझी तक्रार आहे. या गोष्टीत आई एक तर मेलेली, नाही तर यंत्रात. रक्षण करणारी, रागावली तर शत्रूला फाडून खाणारी, पण बोलणारी आई कुठेच नाही. घर चालवतं कोण? शिंजी! मिसातोकडे राहायला गेल्यावर कामांची वाटणी ‘दगड-कात्री-कागद’ खेळून होते आणि बहुतेक सगळी कामं त्याच्या गळ्यात पडतात. तो डबे करतो, आसुकाचा सुद्धा. मला तो मुलगा तिथे सर्वांत जास्त आवडला.

बाकीचं पटकन. जागोजागी क्रूस आणि ख्रिस्ती नावं आहेत. सहदिग्दर्शक त्सुरुमाकी यांनी पुढे सांगितलं की ते वेगळं आणि छान दिसावं म्हणून घेतलं, त्यामागे धर्माचा अर्थ नाही. आपला स्वस्तिक पायपुसण्यावर दिसला की आपल्याला जसं वाटतं, तसं कुणाला वाटत असेलच. शेवटचे दोन भाग म्हणजे शिंजीच्या मनातला संवाद, स्थिर चित्रं आणि कच्ची रेखाटनं. लढाईचं काय झालं ते सांगतच नाहीत. तेव्हा प्रेक्षक चिडले आणि जुलै १९९७मध्ये वेगळा शेवट असलेला चित्रपट आला. तो भयंकर आहे, अठराच्या आतल्या कुणाला दाखवू नका. मला ते बदनाम दोन भागच अधिक आवडले. स्वतःला नकोसं झालेलं मूल ‘मी इथे असलो तरी चालेल’ इथवर येतं, यासाठी राक्षस मेला की नाही हे कळायची मला गरज वाटली नाही. लेकीला वाटली. आमचा वाद अजून चालू आहे.

तर विचारलंत म्हणून: पाठशाळेतल्या लहानांना अजिबात नको. पंधरा-सोळाच्या पुढे चालेल, पण एकट्याने फोनवर नाही. एक भाग चोवीस मिनिटांच्या आसपास असतो, तेवढा वेळ शेजारी बसा. मुलींची ती दृश्यं आली की रिमोट शोधत बसू नका, हे कुणासाठी काढलंय असं सरळ विचारा. मुलग्यांना तर नक्की विचारा. आणि अठरावा भाग लागेल त्या संध्याकाळी चौविहाराआधी सगळं उरकून घ्या. त्यानंतर मुलं बोलायला लागतात, आणि मध्येच उठता येत नाही.