हवालदार पडद्यावर आला

आमच्या सांगवीत दादा कोंडक्यांचे नाव काढले की ऐकणारा आधी हसतो आणि मग सावध होतो. समोर मराठीचा प्राध्यापक असला तर जरा जास्तच सावध होतो. जणू मी आता लाल पेन्सिल काढून त्याचे गुण कापणार!

पण वाचकहो, भाषेच्या मास्तराने आवर्जून बोलावे असाच हा माणूस. हल्ली शहरात एकटा गडी माईक घेऊन उभा राहतो, समोर बसलेल्यांची फिरकी घेतो, त्याला ‘स्टँड-अप’ म्हणतात. नीरेकाठच्या माणसाला त्याचे नवल ते काय? तमाशातला सोंगाड्या आजवर दुसरे काय करीत आला? वगातले राजा-प्रधान जुनेच. सोंगाड्याची कोटी मात्र त्या रात्रीची, त्या गावची.

कृष्णा कोंडके १९३२ साली मुंबईच्या गिरणगावात जन्मले. मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, भोरजवळचे इंगवली. अपना बाजारातली नोकरी, बँडपथक, सेवादलाचे कलापथक असे करीत ते रंगभूमीवर आले. वसंत सबनिसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिले आणि दादांना हवालदार सापडला. दीड हजारांवर प्रयोग झाले. संहिता सबनिसांची खरी, पण ताज्या घडामोडींवरची हजरजबाबी भर दादांची. आशा भोसल्यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला. १९६९ च्या ‘तांबडी माती’त दादा पडद्यावर आले.

खरी पंचाईत इथेच होती. पडदा प्रेक्षकाला उत्तर देत नाही. समोरून आरोळी आली की तिच्यावर कुरघोडी करण्यात ज्याची हयात गेली, त्याने मुक्या कॅमेऱ्यापुढे काय करावे? १९७१ च्या ‘सोंगाड्या’त दादांनी तोड काढली. नाडी लोंबणारी ढगळ चड्डी, बावळट चेहरा आणि धाक दाखवणारी आये. नाम्या सरळच बोलतो. दुसरा अर्थ काढतो तो खुर्चीतला प्रेक्षक! प्रयोगात समोरचा माणूस जी भर घालत असे, ती अशी परत मिळाली. दादरच्या कोहिनूरमध्ये या चित्रपटाला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे पाठीशी उभे राहिले. पुढे रौप्यमहोत्सवांची रांग लागली. नऊ चित्रपटांची गिनेस बुकात नोंद झाली.

तक्रार मलाही आहे. वगातल्या कोटीचा घाव कोतवालावर, राजावर पडे. पुढच्या पुढच्या चित्रपटांत तो बहुधा समोरच्या बाईवरच पडू लागला, आणि नाम्याचा भोळेपणा नुसता पेहरावापुरता उरला. सभ्य घरांनी नाके मुरडली ती द्व्यर्थी शब्दांसाठी. मला खटकते ते सत्तेला चिमटा काढणारी जीभ बोथट झाली हे. १४ मार्च १९९८ ला दादा गेले. त्या जिभेचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला दिसत नाही.

मी मात्र १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ला झुकते माप देतो. दिग्दर्शनही दादांचेच, जोडीला अशोक सराफांचा सखाराम, आणि रंगभूमीवरचा हवालदार पुन्हा गणवेशात! दूरदर्शन संचावर तो लागला की आमच्या मातोश्री “काय मेलं हे!” म्हणून पदर तोंडाला लावतात, आणि संपेपर्यंत जागच्या उठत नाहीत.