व्यवस्थापनाचे शिक्षण कोणाच्या शेजारी?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. राज्य शासनाची अधिकारी-प्रशिक्षण संस्था १९६३ मध्ये मुंबईत निघाली, १९८४ मध्ये पुण्यास आली. तीच आजची यशदा. आफ्रिकी राष्ट्रांनी १९६४ सालीच तांजिअर येथे साऱ्या खंडासाठी असे केंद्र काढले. आशियातही अशा संस्थांचे जाळे विणावे, हे मला मान्य आहे. परंतु त्यात शिकविणार काय?

चाकणला कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे राबतात. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुखोद्गत असलेले अधिकारी मी पाहिले. कामगाराशेजारी बसून त्याची वेतनचिठ्ठी वाचणारा क्वचितच. (आम्ही प्राध्यापकही त्याला अपवाद नव्हतो.) म्हणून या जाळ्यात कामगार संघटनांना पाहुण्यांची नव्हे, शिक्षकांची जागा हवी, आणि ही मागणी जाळे विणण्यापूर्वीच आपण केली पाहिजे.