एकाची कॉपी, सगळ्यांना डाग

मंडळी, गणपतीच्या आरतीला किंवा दिवाळीच्या फराळाला भेटलो की आपला एक प्रश्न ठरलेला असतो, "मुलाला मार्क्स किती पडले?" ते कसे पडले, हे आपण विचारत नाही.

आपल्यातल्या ज्येष्ठांना मुंबई विद्यापीठाचे १९८५ चे एम.डी. परीक्षेचे प्रकरण आठवत असेल. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांच्या मुलीच्या गुणांत फेरफार झाल्याचा वाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. खुर्ची एकाची गेली. पण त्या वर्षी रात्री जागून पास झालेल्या इतर डॉक्टरांचे काय? त्यांच्या प्रमाणपत्रावरही तेच साल आणि त्याच विद्यापीठाचा शिक्का होता.

परदेशात आल्यावर हे आपल्याला अधिकच कळते. मार्कशीट, सीलबंद पाकिटे, पदवीची पडताळणी यांसाठी आपण किती खेटे घातले! एक पदवी खोटी निघाली की पुढच्या शंभर खऱ्या पदव्यांकडे संशयाने पाहिले जाते.

२०२३ च्या उन्हाळ्यात मिसिसागाला भारतीय विद्यार्थी धरणे धरून बसले होते. एजंटाने दिलेली त्यांची प्रवेशपत्रे खोटी निघाली होती. आपण फसवले गेलो, असे ते सांगत होते. त्यानंतर, १ डिसेंबर २०२३ पासून, परदेशी विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र खरे आहे की नाही हे सरकार थेट कॉलेजला विचारू लागले. म्हणजे लबाडी केली काहींनी आणि तपासणी सर्वांच्या वाट्याला आली.

मुले हे युनिव्हर्सिटीत गेल्यावर एकदम शिकत नाहीत. सहावीतला प्रोजेक्ट बाबांनी रात्री बसून पूर्ण केला, तिथेच सुरुवात होते. पुढे पैसे देऊन निबंध लिहून घेताना त्याला फारसे वावगे वाटत नाही. पकडला गेला तर कोर्समध्ये शून्य, निलंबन, प्रसंगी ट्रान्सक्रिप्टवर कायमची नोंद. नाही पकडला गेला, तर उद्या त्याच्या हाताखाली येणाऱ्या रुग्णाने कोणाच्या भरवशावर यायचे?

आपण इथे दोन बॅगा आणि एक खरी पदवी घेऊन आलो. मुलाला बी मिळाला तर मिळू द्या, पण तो त्याचा स्वतःचा असू द्या. पुढच्या फराळाला तेवढे कौतुक आपण सगळे मिळून करू.