गंज, बोल्ट आणि मराठी गद्य

मराठी समीक्षेत 'गंज' हा शब्द शोधायला गेलो तर तो जवळजवळ नेहमी रूपक म्हणूनच सापडतो. गंजलेल्या जाणिवा, गंजलेली व्यवस्था, गंज चढलेली प्रतिभा. या रूपकाचा अर्थही ठरून गेलेला आहे : वापर थांबला की क्षय सुरू होतो, म्हणजे गंज हे निष्क्रियतेचे फळ. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणाऱ्या जुन्या मोटारीखाली आडवे होऊन पाहिले तर हा अर्थ टिकत नाही. ती गाडी एक दिवसही स्वस्थ बसलेली नसते, आणि तरीही तिच्या सस्पेन्शनचे बोल्ट असे जखडलेले असतात की हातभर लांब पान्यालाही दाद देत नाहीत. ज्या वस्तूवर आपण रूपक उभे केले ती वस्तू आपण नीट पाहिलेलीच नाही, अशी शंका यावरून येते. ही शंका एका शब्दापुरती नाही, म्हणून हे टिपण.

आधी वस्तू पाहू. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. उघड्या पत्र्यावर त्याचे पोपडे सुटतात आणि गळून पडतात. पण बोल्ट आणि त्याच्याभोवतीची नळी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत त्याला गळून पडायला वाव नसतो. तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो आणि पाचरीसारखा गच्च बसतो. इथे गंज ही नुसती झीज उरत नाही, ती एक प्रकारची वाढ होते. मराठीत आपण 'गंज खातो' म्हणतो तसेच 'गंज चढतो' असेही म्हणतो. पत्र्याला पहिला प्रयोग लागू पडतो, बोल्टाला दुसरा. बोलीने हा भेद सांभाळला, लेखी भाषेने त्यातले 'खाणे' तेवढे उचलले. मिठामुळे हे सारे वेगाने घडते. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात तेच काम खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस करतात.

आता 'बोल्ट जाम झाला' हे वाक्य घ्या. (इंग्रजीतला हा 'जाम' मराठीत इतका मुरला आहे की आज एखादी कविताही विद्यार्थ्यांना 'जाम' आवडते. असो.) हे वाक्य किमान दोन अगदी वेगळ्या अवस्थांना उद्देशून बोलले जाते. नटाचे आणि बोल्टाचे आटे एकमेकांत जखडले, ही पहिली आणि सर्वपरिचित अवस्था. दुसरी सस्पेन्शनची खास आहे. तीत नट सुटतो, हातात येतो, पण बोल्ट काही केल्या बाहेर येत नाही. चाकामागच्या लोअर आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो, बुशाच्या पोटात पोलादी नळी, आणि नळीतून आरपार गेलेला बोल्ट. बहुतेक गाड्यांत रबर त्या नळीला कायमचे चिकटवलेले असते. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी जागची हलत नाही, रबर पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. बोल्ट गंजून या नळीशी एकजीव झाला की पान्याबरोबर बोल्ट, बोल्टाबरोबर नळी आणि नळीबरोबर रबर, अशी सगळी वरात फिरू लागते.

हाताला मात्र वाटते, सुटतोय. पाना थोडा पुढे जातो. जोर काढून घेतला की तो स्प्रिंगसारखा मागे येतो. सारा अर्थ या मागे येण्यात आहे. आटे खरोखर सुटत असतील तर पाना गेला तिथेच राहतो. बोल्ट तुटण्याच्या बेताला आला असेल तर प्रतिकार एकाएकी मऊ पडतो, पण पाना मागे फिरत नाही. डोळ्यांना यातले काहीही दिसत नाही. जे कळते ते मनगटाला.

आणि कळण्यावर पुढचे सगळे अवलंबून. आटे जखडले असतील तर उपाय धीराचे आहेत : तारेच्या ब्रशाने उघडे आटे साफ करावेत, झिरपणारे तेल सोडावे, रात्रभर थांबून पुन्हा सोडावे, हातोडीचे मोजके टोले द्यावेत. गोटी पाना सहा कोनांचा घ्यावा. बारा कोनांचा गंजलेल्या डोक्यावरून घसरतो आणि डोके गोल करून ठेवतो. आमच्या गावातले एक मिस्त्री एवढेच म्हणाले होते, "सर, सोडवायच्या आधी थोडा आवळून बघा. हलला की समजायचं, येणार." गंजाची पकड तुटायला दिशा महत्त्वाची नसते, पहिली हालचाल महत्त्वाची असते, हे त्या दोन वाक्यांत आले. (ज्याला लोक सरसकट गंजाचे औषध समजतात ते डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली सॅन डिएगोत पाणी हटवण्यासाठी तयार झाले. नावातला ४० हा चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा. नाव वाचणाऱ्यालाही हे कळले असते!) तेलाने भागले नाही तर उष्णता. बारा मिलिमीटर व्यासाचा नट तीनशे अंशांनी तापवला तर त्याचे छिद्र जेमतेम चार शतांश मिलिमीटर वाढते, पण पुष्कळदा एवढे पुरते. अर्थात जवळ ब्रेकची नळी आणि रबर असताना ज्योत वापरायची नाही, आधी फवारलेले तेल पेट घेऊ शकते, आणि शॉकॲब्सॉर्बरच्या नळकांड्याला तर कधीच ज्योत दाखवायची नाही, कारण आत तेल आणि पुष्कळदा दाबाखालचा वायू असतो.

पण बोल्ट नळीशी एकजीव झाला असेल तर हा सारा धीर बहुधा वाया जातो. नळीच्या मध्यापर्यंत तेल क्वचितच पोचते. तिथे बुश आणि त्याला धरणारा कंस यांच्यामधल्या फटीत आरीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, बुश आणि बोल्ट नवे घालायचे. नवा बोल्ट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही चालत नाही. गाडीला लागणाऱ्या बोल्टाच्या डोक्यावर बहुधा ८.८ किंवा १०.९ असे कोरलेले असते. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे तुटेपर्यंतचे बळ सुमारे ८०० मेगापास्कल, दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो. इतका दाट मजकूर दोन अंकांत क्वचितच मावत असेल.

साहित्याने जखडलेल्या स्क्रूकडे पाहिलेच नाही असे नाही. रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकात अडकलेल्या स्क्रूवर मोठे चिंतन आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. माझी तक्रार एवढीच की त्यात स्क्रू लवकरच मागे पडतो. अडकणे हा मनाचा अनुभव होतो आणि स्क्रू प्रत्यक्षात कसा निघेल हा प्रश्न लेखकाला गौण वाटू लागतो. वाचकाच्या हाती तत्त्वज्ञान येते, पाना मागे येण्याचा अर्थ येत नाही. आपल्या 'गंजलेल्या जाणिवां'ची जातकुळी हीच. वस्तूला स्पर्श करायचा आणि घाईने वर निघायचे.

मराठीत तर मधल्या काळात निराळेच घडले. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरच्या लेखनाने श्रमिकाला साहित्याच्या मध्यभागी आणले. ते ऋण फिटणारे नाही. तरीही त्या साहित्याचे आपण जे वाचन केले आणि वर्गांत शिकवले, त्यात श्रम करणारा माणूस दुःखासह आला, संघर्षासह आला, कौशल्यासह फार क्वचित आला. त्याला काय सोसावे लागते हे आपण प्रश्नपत्रिकेत विचारतो, त्याला काय येते हे विचारत नाही. याची मुळे जुनी आहेत. लेखणी ज्या घरांत होती त्या घरांत घण नव्हता, आणि ज्याच्या हाती घण होता त्याच्यापर्यंत लेखणी येऊ दिली गेली नाही. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाडा'सारखे (१९१५) कारूनारूंच्या व्यवहाराचे शब्द टिपणारे पुस्तक म्हणूनच अपवाद वाटते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि 'ज्ञानभाषा' हा शब्द पुन्हा व्यासपीठांवर फिरू लागला. भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले आहे, ते मी कमी लेखत नाही. पण कोश संज्ञा देतो, वाक्य देत नाही. 'मळसूत्र' हा देखणा शब्द कोशात राहिला आणि कामावर 'आटे' राहिले. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांची पहिली मोटार-पुस्तिका १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर निघाली. गाडी प्रत्यक्ष सोडवून पुन्हा जोडायची आणि त्यावरून लिहायचे, ही त्या मालिकेची रीत. कोरड्या, आज्ञार्थी वाक्यांचे ते गद्य घराघरांत पोचले. आपल्याकडे हे ज्ञान आजही मिस्त्रीच्या तोंडी आहे, आणि तो गॅरेज बंद करतो तेव्हा त्याच्याबरोबर जाते.

हे आयटीआयचे काम, मराठी विभागाचे नव्हे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. यंत्र आयटीआयला कळते, पण 'जोर काढल्यावर पाना मागे येतो' आणि 'प्रतिकार मऊ पडतो' हा फरक वाक्यात पकडणे ही भाषेची अडचण आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत आपण अजूनही रजेचा अर्ज आणि निमंत्रणपत्रिका लिहून घेतो. त्याऐवजी विद्यार्थ्याला गॅरेजमध्ये दोन तास उभे करावे आणि एकच कृती लिहायला सांगावी : नवा बुश बसवला, बोल्ट घातला, आता तो शेवटचा आवळायचा कधी? गाडी स्टँडवर असताना नाही. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन त्यांच्यावर आल्यावर. नाहीतर रबर लोंबत्या स्थितीत नळीला बांधले जाते, गाडी खाली आली की कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हे कारण, शेजारी मिस्त्री उभा नसताना, निव्वळ वाचून दुसऱ्याला कळेल असे पाच ओळींत लिहा, गुण दहा.