नकारावर जिंकलेली निवडणूक

निवडणुकीत महागाई गाजते, भ्रष्टाचार गाजतो, कधी कांदाही गाजतो. बँकेची सनद हा मात्र चौकात भाषण ठोकण्याचा विषय नव्हे. तरीही १८३२ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक याच रुक्ष विषयावर रंगली.

ही बँक होती ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’. १८१६ साली तिला २० वर्षांची सनद मिळाली. मुख्यालय फिलाडेल्फियात, भांडवल साडेतीन कोटी डॉलर. त्यात सरकारचा वाटा जेमतेम एक पंचमांश. बाकी सारे खासगी भागधारक, काही तर परदेशी. सरकारी तिजोरीचा पैसा मात्र याच बँकेत, तोही बिनव्याजी. बँकेच्या नोटा देशभर चालत आणि वाटेल तशा नोटा छापणाऱ्या स्थानिक बँकांना ती वेसणही घालत असे. बँक कामाची होती, यात शंका नाही. प्रश्न होता तो तिला जाब कोण विचारणार, हा.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना कागदी पैशाचा जुना तिटकारा. तरुणपणी जमिनीच्या व्यवहारात त्यांनी एका व्यापाऱ्याच्या वचनचिठ्ठ्या घेतल्या; तो बुडाला आणि देणे जॅक्सन यांच्या गळ्यात पडले. त्यांचे प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांना यात संधी दिसली. सनद १८३६ पर्यंत होती, पण मुदतवाढीचा अर्ज चार वर्षे आधीच करा, असा आग्रह क्ले आणि त्यांच्या साथीदारांनी बँकेचे प्रमुख निकोलस बिडल यांच्याकडे धरला. हिशेब सरळ होता. जॅक्सन यांनी सही केली तर बँक वाचेल. नकाराधिकार वापरला तर मते जातील.

विधेयक सिनेटमध्ये २८ विरुद्ध २० मतांनी आणि नंतर प्रतिनिधीगृहातही मंजूर झाले. १० जुलै १८३२ रोजी जॅक्सन यांनी ते परत पाठवले. सोबतच्या संदेशाचा रोख स्पष्ट होता: श्रीमंतांनी कायदे आपल्या सोयीने वाकवायचे आणि शेतकरी, कारागीर, मजुरांनी बघत बसायचे, हे चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८१९ सालीच अशी बँक घटनेला धरून असल्याचे म्हटले होते. जॅक्सन यांनी तेही मानले नाही.

बिडल यांना हा संदेश इतका भडक वाटला, की त्यांनी स्वतःच बँकेच्या खर्चाने त्याच्या प्रती वाटल्या. लोक वाचतील आणि जॅक्सन यांच्यावर चिडतील, ही अपेक्षा. लोकांनी वाचले, पण चिडले बँकेवर! जॅक्सन यांना २१९ निर्वाचक मते मिळाली, क्ले यांना ४९.

गोष्ट इथेच संपती तर ती सामान्य माणसाच्या विजयाची ठरती. (त्या सामान्य माणसांत स्त्रिया आणि गुलाम धरलेले नव्हते, खुद्द जॅक्सन गुलामांचे मालक होते.) पण बँक नको म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी काय हवे, ते ठरवलेच नव्हते. १८३३ पासून सरकारी ठेवी निवडक स्थानिक बँकांत गेल्या. वेसण सुटली, नोटा आणि कर्जे वाढली, जमिनीचा सट्टा फोफावला. त्याला आवरायला १८३६ साली सरकारी जमीन सोन्याचांदीच्या मोबदल्यातच विकण्याचा हुकूम निघाला. तिकडे लंडनने पतपुरवठा आखडला, कापसाचे भाव कोसळले. १८३७ साली बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले. कारणे अनेक होती. पण ज्यांच्या नावाने लढाई जिंकली, त्या शेतकरी-मजुरांच्याच हातात कवडीमोलाचे कागद उरले.

बेजबाबदार सत्तेला नाही म्हणण्यात मतदारांचे काही चुकले नव्हते. मात्र नकाराने निवडणूक जिंकता येते, व्यवस्था उभी राहत नाही. मध्यवर्ती बँकेसाठी अमेरिकेला पुढे १९१३ सालच्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. आणि १९२८ साली त्याच फेडरल रिझर्व्हच्या २० डॉलरच्या नोटेवर चेहरा झळकला तो कागदी पैशाचा आयुष्यभर तिटकारा करणाऱ्या अँड्र्यू जॅक्सन यांचा!