तराजू बदलला, तरी ती जिंकलीच!

मोटार शर्यत हा पैसेवाल्यांचा खेळ. आपल्या वस्तीतल्या मुलींचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध गाडीशी नाही, मापाशी आहे. कुणाच्या यशाला गुणवत्ता म्हणायचे आणि कुणाच्या यशाला सवलत, हे ठरवणारी लेखणी तिथेही तीच आहे.

मे 2005 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 या शर्यतीत डॅनिका पॅट्रिक ही 23 वर्षांची तरुणी प्रथमच उतरली. 19 फेऱ्या ती सर्वांच्या पुढे होती. अखेर चौथी आली. शर्यतीच्या तोंडावर रॉबी गॉर्डन या शर्यतपटूने तक्रार केली, की तिचे वजन जेमतेम 45 किलो असल्याने तिला आयता फायदा मिळतो. हे दुरुस्त होईपर्यंत आपण या शर्यतीत उतरणार नाही. तेव्हा गाडीचे किमान वजन चालकाला वगळून मोजले जाई. पण सगळ्या पुरुष चालकांचे वजन तरी कुठे सारखे होते? मग तराजूची आठवण एक स्त्री पुढे जाऊ लागल्यावरच का झाली?

राखीव जागेवरून शिकलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. प्रस्थापित जिंकतो तेव्हा नियम पवित्र असतात. वंचित जिंकू लागला की नियमांतच खोट दिसू लागते.

2008 च्या हंगामात चालकाचे वजन हिशेबात धरणारा नियम आला. तराजू बदलला. आणि त्याच वर्षी 20 एप्रिलला जपानमधील मोतेगी येथे डॅनिकाने शर्यत जिंकली. इंडीकार मालिकेत विजय मिळवणारी ती पहिली स्त्री. मग इंधनाचा हिशेब जमला म्हणून जिंकली, अशी कुजबुज सुरू झाली. पुरुषाने इंधन राखून शर्यत जिंकली, तर त्याला डावपेच म्हणतात!

कौतुकातही तोच भेद असतो. 2005 ची ती शर्यत डॅन व्हेल्डन याने जिंकली, पण 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' च्या मुखपृष्ठावर झळकली चौथी आलेली डॅनिका. 2008 मध्ये त्याच साप्ताहिकाने पोहण्याच्या पोशाखातली तिची छायाचित्रे छापली. तिने स्वतःच ती काढू दिली, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण हा खेळ प्रायोजकांच्या पैशावर चालतो, आणि त्या पैशासाठी पुरुषाचा वेग विकला जातो, तर स्त्रीचा देह. हा सौदा बाजाराने मांडलेला आहे.

इतिहास पुसण्याचे कामही चालूच असते. 1975 मध्ये लेला लोंबार्डीने स्पेनमध्ये फॉर्म्युला वनचा अर्धा गुण मिळवला. 1982 मध्ये मिशेल मूटों जागतिक रॅली स्पर्धेत तीन फेऱ्या जिंकून दुसरी आली. तरीही पुढे आलेली प्रत्येक स्त्री बातमीत नवलाईची वस्तू ठरते. परंपराच नाकारली, की प्रत्येक पिढीला पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते.

आपल्याकडेही वेगळे काय? 2024 मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटाचे विजेतेपद पटकावले, तेव्हा बातम्यांत 'दोन मुलांची आई' हे बिरुद ठळक होते. विजेत्या पुरुषाला किती मुले, हे कोणता वार्ताहर विचारतो? 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभेदी शब्दांविषयी एक पुस्तिका काढली. 'करिअर वूमन' न म्हणता नुसते 'स्त्री' म्हणा, असे ती सांगते. न्यायालय आपली भाषा तपासू शकते, तर संपादकांना काय अडचण आहे?

आणि हा प्रश्न आपणही स्वतःला विचारला पाहिजे. चळवळीतली मुलगी न्यायाधीश झाली, अधिकारी झाली, की 'घरसंसार सांभाळून' हे शब्द आपल्या लेखणीतूनही सहज उतरतात. 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाच्या प्रगतीचे माप स्त्रियांच्या प्रगतीत पाहिले. ते माप आपल्या हाती असताना मनुवाद्यांचा तराजू आपण कशाला वापरायचा? तिने काय केले, ते आधी लिहा. ती कुणाची कोण, हे तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल.