अस्सल, नक्कल आणि सहा तारा

स्वस्त इलेक्ट्रिक गिटार आणि महाग इलेक्ट्रिक गिटार यांत खरोखर काही फरक असतो काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावा की नाही याविषयी आम्ही काही काळ साशंक होतो. परंतु मूल्य नेमके कोठे वसते, वस्तूत, तिच्या कुळात, की ती हाताळणाऱ्यात, हा आपल्या समीक्षेतला जुनाच वाद आहे. साहित्यात तो टाळता येतो, कारण थोर कादंबरी आणि टाकाऊ कादंबरी दुकानात एकाच भावाने मिळतात. गिटारीच्या बाबतीत ती सोय नाही. येथे प्रत्येक मूल्यनिर्णयाला किमतीची चिठ्ठी चिकटवलेली असते.

उदाहरण फेंडर या अमेरिकन कंपनीचे घेऊ. तिची 'स्ट्रॅटोकास्टर' ही गिटार १९५४ मध्ये बाजारात आली. आज हीच गिटार कॅलिफोर्नियात बनवलेली घेतली तर दीड-दोन हजार डॉलर पडतात. मेक्सिकोत बनवलेली त्याहून बरीच कमी किमतीत मिळते. आणि त्याच कंपनीच्या 'स्क्वायर' या दुय्यम नावाने आशियात बनवलेली सर्वांत साधी गिटार दोनशे डॉलरच्या आसपास येते. आकार तोच, तारा तितक्याच, पडद्यांची रचना जवळपास तीच. गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' आणि तिच्याच मालकीच्या 'एपिफोन'ची लेस पॉल यांचेही नाते असेच. म्हणजे ही चोरटी आवृत्ती नव्हे. लेखकाने आपल्याच ग्रंथाची स्वहस्ते काढलेली स्वस्त प्रत आहे, आणि मुखपृष्ठावर मात्र त्याने आपले टोपणनाव घातले आहे.

गंमत अशी की, ज्या मूळ वस्तूच्या अस्सलपणाची आज एवढी महती गायली जाते, ती जन्मतःच कारखान्यातली होती. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने गिटारीची दांडी धडाला सरसाने न जोडता स्क्रूने आवळली. हेतू हा की काम झटपट व्हावे आणि खराब झालेली दांडी बदलता यावी. परंपरेने गिटार घडवणाऱ्यांच्या दृष्टीने हा सुतारी अडाणीपणाच. वॉल्टर बेन्यामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय विरत जाते असे १९३६ मध्ये मांडले, ते आपण वर्गात शिकवतो; येथे तर यंत्राने काढलेल्या हजारो सारख्या प्रतींभोवती ते वलय नंतर, सावकाश चढत गेले. १९५८ ते १९६० या काळातल्या लेस पॉल गिटारींना त्या वेळी पुरेसे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून कंपनीने ते रूपच बंद केले. आज त्यांपैकी एकेक लाखो डॉलरांना जाते. डेव्हिड गिल्मरने १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरांना विकली गेली. ती दुकानात लटकत होती तेव्हा तिच्यात काय होते, आणि नंतर काय आले?

नकलेचा इतिहासही सरळ नाही. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारणसंस्थेने विकत घेतली आणि पुढे तिच्या मालाचा दर्जा उतरला, असे वादकांचे सर्वसाधारण मत आहे. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या इतक्या नेमक्या प्रती काढू लागले की गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकाला न्यायालयात खेचले. दांडीच्या माथ्याचा आकार हा वादाचा विषय होता. प्रकरण आपसात मिटले. फेंडरने अधिक चतुर मार्ग काढला. तिने १९८२ मध्ये जपानातच आपल्या गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली आणि त्यांतल्या स्वस्त मालाला 'स्क्वायर' हे नाव दिले. त्या आरंभीच्या जपानी स्क्वायर आज संग्राहक हुडकून काढतात. प्रतीची प्रत काढण्याची वेळ आली म्हणायची.

पण या सगळ्यावर कडी करणारी घटना १९९५ ची आहे. त्या वर्षी फेंडरने कोऱ्या गिटारी मुद्दाम झिजवून, रंग खरवडून, धातूला गंज चढवून विकायला आरंभ केला, आणि त्यांची किंमत निर्दोष गिटारीहून अधिक ठेवली. तीस वर्षांच्या मैफली, घाम, सिगारेटचे डाग, हे सारे कारखान्यात तयार होऊन पेटीतून घरी येते. आम्हांला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. अनुभवावाचून अनुभवाची खूण विकत घेणे हा रोग आपल्या ग्रामीण आणि विद्रोही म्हणवणाऱ्या काही लेखनातही आम्ही पाहिला आहे. तेथेही पोचे असतात, आणि ते नेमक्या हव्या त्या जागी पडलेले असतात.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. इलेक्ट्रिक गिटारीचे धड भरीव असते. तारांखाली लोहचुंबके असतात आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकक्षेत्र हलते, वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते आणि ती ध्वनिवर्धकाकडे जाते. सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारीचे पोकळ धड जे काम करते, ते येथे लाकडाला करावे लागत नाही. म्हणून धडाच्या लाकडाविषयी जी स्तोत्रे रचली जातात त्यांतली निम्मी तरी आम्ही बाजूला ठेवतो. लाकूड मात्र आम्हांला वेगळ्याच कारणासाठी रोचक वाटते. महाग गिटारीच्या बोटे फिरवायच्या पट्टीवर बहुधा भारतीय शिसव असतो. २०१७ च्या आरंभी शिसवाच्या समस्त कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले (तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली), आणि स्वस्त गिटारींच्या पट्टीवर 'इंडियन लॉरेल' नावाचे लाकूड दिसू लागले. हे भारदस्त नाव म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत दोन्ही झाडे एकाच उतारावर उभी असतात. एकाचे घरात कपाट होते, दुसऱ्याचे खांब आणि वासे. परदेशी वाद्यातही त्यांनी ही जातवारी सोडलेली नाही.

मागील पावसाळ्यात पुण्यातील एका मित्राच्या घरी आम्ही पाठ करून बसलो. मित्र गिटार शिकवतो. त्याने आपली अमेरिकन स्ट्रॅटोकास्टर आणि एका विद्यार्थ्याची स्क्वायर एकाच ध्वनिवर्धकातून आळीपाळीने वाजवली. परिच्छेद वाचून लेखक ओळखण्याचा आमचा लौकिक आहे; येथे दहापैकी पाच वेळा आम्ही चुकलो, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॅडिव्हरी आणि नव्या व्हायोलिनी डोळे झाकून वाजवायला लावल्या, तेव्हा निष्णात वादकांचाही कौल बहुतांशी नव्यांकडे गेला होता, हे आम्हांला ठाऊक होते. त्यामुळे आम्ही जवळजवळ विजयी मुद्रेने वळलो.

तेवढ्यात तो विद्यार्थी म्हणाला, "सर, ऐकताना मलाही कळलं नाही. पण हातात घेतली की डोळे मिटूनही सांगेन." आणि त्याने सांगितले, एकदाही न चुकता. महाग गिटारीच्या पडद्यांची टोके कानशीने गोल केलेली होती. दांडीवरून हात निसटत जात होता. तार ओढून सोडली की ती स्वरात परत येत होती. त्याच्या गिटारीचा मेरू जाड राहिला होता, पहिल्या पडद्यावर बोट दाबताना स्वर किंचित चढत होता. पैसा गेला होता तो येथे. कुणा माणसाने आणखी काही तास कानस हातात धरली होती, त्या तासांचा तो मोबदला.

म्हणजे फरक आहे, पण तो श्रोत्याला मिळत नाही, वादकाला मिळतो. आमच्या समीक्षेची सारी भिस्त श्रोत्यावर, वाचकावर. लिहिणाऱ्याच्या हाताला काय बोचते याचा विचार आम्ही क्वचितच केला. याच कारणासाठी 'खऱ्या कलावंताला कोणतेही वाद्य चालते' हे लाडके वाक्य आम्हांला मान्य नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ दाखले पुष्कळ दिले जातात. जिमी पेजने हार्डबोर्डच्या धडाची डॅनइलेक्ट्रो वाजवली. जॅक व्हाइटने पूर्वी डाक-विक्रीच्या दुकानातून खपणारी फायबरग्लासची एअरलाइन. ब्रायन मेने वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या लाकडातून गिटार घडवली. हे सर्व खरे आहे, पण हे तरून गेलेल्यांचे दाखले आहेत. बुडालेल्यांची चरित्रे कोण लिहिणार? आम्ही स्वतः विशीत एक गिटार घेतली होती. कुणाची ते सांगत नाही. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच होत्या की बोटे सोलून निघत, आणि ती कधीच स्वरात राहत नसे. आमच्या हातात कला नाही, असा निष्कर्ष आम्ही आठ महिन्यांत काढला आणि गिटार माळ्यावर टाकली. दोष वाद्याचा होता हे समजायला वीस वर्षे लागली. तोवर हात जड झाले होते.

आजची स्वस्त गिटार तशी नाही. संगणकचलित यंत्रे लाकूड नेमके कापतात. उरते ते मेरू घासणे, पडदे समतल करणे, दांडीतील सळई योग्य तेवढी आवळणे. जाणकार कारागीर हे काम एका दुपारी करतो. म्हणून नवशिक्याने कर्ज काढून महाग गिटार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र स्वस्ताईचे गुणगान करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अनेक नामांकित छापांच्या गिटारी बनवून देणाऱ्या कॉर्ट या कोरियन कंपनीने २००७ च्या सुमारास कोरियातील कारखाने बंद केले आणि उत्पादन इंडोनेशिया व चीनकडे नेले. कामावरून काढलेल्या कामगारांचा लढा २०१९ मध्ये तडजोड होईपर्यंत चालला. बारा वर्षे. त्यांतल्या काहींनी आंदोलनाच्या काळात वाद्यवृंद काढला आणि पूर्वी जी गिटार फक्त घडवली होती ती वाजवायला ते शिकले.

त्या दिवशी मित्राने विद्यार्थ्याची गिटार ठेवून घेतली. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा तो खिडकीपाशी, उजेडात, बारीक कानस घेऊन मेरूच्या खाचा उतरवत बसला होता. तारा सैल करून बाजूला केल्या होत्या, ऐनाच्या पट्टीवर तेलाचा हात फिरला होता. मुलगा शेजारी बसून पाहत होता आणि मधूनच विचारत होता, "सर, आता मी करू?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मित्राने कानस त्याच्या हातात दिली.